गॅरेजवरची खोली

माझ्या सासूबाई खोटं बोलतात. सरलाबाई, वय एकाहत्तर, पूर्वीचा मुक्काम नाशिक. समोरच्याचं मन दुखावू नये म्हणून त्या इतक्या सफाईनं खोटं बोलतात, की एखाद्या वकिलानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. "मला भूकच नाही" असं म्हणत शेवटची पोळी माझ्या पानात सरकवतात. पोळीपुरतं ठीक होतं. पण गेल्या हिवाळ्यात त्यांच्या या गुणापायी त्या आमच्या हातून जायच्या बेतात होत्या. तेव्हा मदतीला धावून आलं ते आश्लेषा नावाच्या मुलीचं गणित. तिचे उपकार मी कुठेतरी लिहून ठेवायला हवेत, म्हणून हा खटाटोप.

मी सुमंत. मूळचा नागपूरचा, म्हणजे उन्हात भाजून पक्का झालेला. बायको अदिती, मुलगी रुही. आम्ही बरीच वर्षं जर्सी सिटीत उंच इमारतीत भाड्यानं राहिलो. तिथे घर गरम ठेवणं ही इमारतीची काळजी होती. थंडी भेटायची ती घरापासून ट्रेनपर्यंत चालताना, तेवढीच. मग आम्ही पार्सिपनीला स्वतःचं घर घेतलं. जुनं, लाकडी, चार बेडरूमचं, आणि गॅरेजच्या डोक्यावर एक भलीमोठी खोली असलेलं.

अदिती एकुलती एक. तिचे बाबा गेल्यावर आई नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकट्याच उरल्या होत्या. कागदपत्रांचे सगळे सोपस्कार उरकून गेल्या सप्टेंबरात त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. गॅरेजवरची खोली आम्ही त्यांना दिली. घरातली सगळ्यात मोठी खोली, दोन बाजूंनी खिडक्या, स्वतःचं बाथरूम. जावई म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अदिती, माझं परतीचं तिकीट काढ बाई. इथे मन लागत नाही."

अदितीनं समजावलं, रडून पाहिलं. आई हसतमुखानं एकच वाक्य बोलत राहिल्या, मन लागत नाही. शेवटी डिसेंबरचं तिकीट काढावं लागलं. मी मात्र चिडलो. मन लागत नाही म्हणजे काय? घरात शब्दानं कुणी दुखावलं नव्हतं. नात गळ्यात पडत होती. मग उरलो मी. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण मी कुणाच्या पत्रिकेत वक्री होऊन बसलोय असं मला तरी वाटत नव्हतं. तो सगळा आठवडा मी घरात तोंड पाडून हिंडत होतो.

त्यातच फर्नेस म्हातारा झाल्याची बातमी आली. फर्नेस म्हणजे तळघरातलं घर तापवायचं यंत्र. ते गॅसवर हवा गरम करतं आणि पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडतं. तपासायला आलेला माणूस म्हणाला, हा हिवाळा हे काढणार नाही, नवीन बसवा. मी दोन कंत्राटदार बोलावले. पहिल्यानं जुन्या यंत्रावरची पट्टी वाचली आणि म्हणाला, एवढंच बसवू. एक लाख बीटीयू. बीटीयू हे उष्णतेचं माप. दुसऱ्यानं घराचं क्षेत्रफळ विचारलं, मनात कसला तरी गुणाकार केला आणि म्हणाला, एक लाख वीस हजार. दोघांपैकी कुणी जिना चढला नाही.

मला दुसरा आवडला. आमच्या घराण्याचं एकच तत्त्व आहे, कमी पडायला नको. सहा माणसं जेवायला यायची असतील तर माझे वडील वीस माणसांचे आंबे आणायचे. लग्नात वांग्याची भाजी उरली नाही तर आमच्याकडे ते लग्न अयशस्वी समजतात. तर मी एक लाख वीस हजारावर बोट ठेवलं आणि सही करायला निघालो.

"थांब जरा," अदिती म्हणाली. "दीपाताईंची आश्लेषा हेच काम करते. तिला एकदा दाखवू."

दीपाताई आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या. आश्लेषा त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, इंजिनियर. कुठल्या घराला किती उष्णता लागते हे मोजून सांगणं हाच तिचा व्यवसाय. शनिवारी सकाळी ती पाठीवर सॅक आणि हातात एक मोठी पेटी घेऊन आली. मी एक लाख वीस हजाराचा आकडा अभिमानानं सांगितला.

"सुमंतकाका, बिगर इज नॉट बेटर," ती बूट काढता काढता म्हणाली. "आधी मेजर करू दे ना."

मग तिनं घर उभं-आडवं मोजलं. प्रत्येक खिडकी, तिची दिशा, काच एकेरी की दुहेरी. माळ्यावर चढून तिथला ऊब धरून ठेवणारा कापसासारखा थर किती जाड आहे ते पाहिलं. भिंतीत काय भरलंय ते प्लगच्या भोकातून बॅटरी मारून बघितलं. मी मागे मागे हिंडत होतो. कशासाठी एवढं, असं विचारल्यावर तिनं सोपं करून सांगितलं. वर्षातल्या सगळ्यात थंड दिवशी घरातून तासाला जेवढी उष्णता बाहेर पळते, तेवढीच आत भरायची. कमी भरली तर थंडी वाजणार, आणि जास्त भरली तरी भानगड.

"जास्त भरली तर कसली भानगड? अंथरूण मोठं असलं तर पाय पसरायला बरंच की," मी म्हणालो.

"म्हण मला नाही येत काका. पण हे अंथरूण नाहीये."

नंतर तिनं पेटी उघडली. पुढच्या दारात लाल कापडाची चौकट बसवून तिच्यात मोठा पंखा लावला. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, म्हणजे मग बाहेरची हवा जिथे फट सापडेल तिथून आत घुसते. पंखा सुरू झाला आणि आमचं घर चक्क शीळ घालायला लागलं. आश्लेषा हात पुढे करून खोल्याखोल्यांतून फिरली. अदिती तिला वर आईंच्या खोलीत घेऊन गेली. मी जिन्यातच थांबलो. त्या राहायला आल्यापासून सासूबाईंच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आमच्याकडे तशी पद्धत नाही. दारातून दिसलं तेवढं एवढंच, की बंद खिडकीचा पडदा झुलत होता.

"हवेशीर आहे हो खोली," आई म्हणाल्या. "हवा खेळती असली की बरं असतं."

शेवटी तिनं प्रत्येकाला एक प्रश्न विचारला. मी आणि अदितीनं सांगितलं, काही त्रास नाही. मग ती आईंकडे वळली. "आजी, तुम्ही थंड आहात का?"

रुही फिसकन हसली. मी म्हणालो, "बाई गं, थंड माणूस म्हणजे ढिम्म न हलणारा. थंडी वाजते का, असं विचार."

"वाजते? लाइक अ बेल?"

आई हसल्या. तिकीट काढल्यापासून त्या पहिल्यांदा मनापासून हसत होत्या. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नाही गं बाळा. मी नाशिकची. आमच्याकडे द्राक्षं जळू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, अशी थंडी. इथे काय, सगळं ऊबदारच आहे."

आश्लेषानं ते टिपून घेतलं आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन गेली.

पुढच्या शनिवारी ती लॅपटॉप घेऊन आली. आई स्वयंपाकघरात होत्या. स्वयंपाकघर त्यांना सोडवायचंच नाही. पहाटेच खाली उतरायच्या, गॅसजवळ बसून जप करायच्या, दिवसभर काही ना काही शिजवत राहायच्या. आम्हाला वाटायचं, कष्टाची सवय आहे. अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला कानटोपी असायची, पण त्याचंही काही वाटलं नाही. कानटोपी घालायला आपल्या म्हाताऱ्या माणसांना थंडी लागतेच असं नाही, नोव्हेंबर पुरतो.

"काका, फर्स्ट थिंग," आश्लेषा म्हणाली. "तुमच्या घराला अठ्ठेचाळीस हजार बीटीयू पुरतात. साठ हजारचं फर्नेस घ्या. दॅट्स इट."

"निम्मं? अगं, उणे दहा होतं इथे."

"उणे अकरा धरलंय मी." मग तिनं स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "सेकंड थिंग. इथे कोणीतरी खोटं बोलतंय. माझं मॅथ, नाहीतर आजी. आणि मॅथ मी तीनदा चेक केलं."

तिनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. गॅरेजवरची खोली. खाली न तापवलेलं गॅरेज, मधल्या छतात जवळजवळ काहीच भरलेलं नाही, दोन बाजूंच्या भिंतींना वारा, आणि डक्टचं अगदी शेवटचं टोक. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारी डबी, हॉलमध्ये. आत्ताचं फर्नेसच घराच्या मानानं दुप्पट मोठं असल्यामुळे ते सुरू झालं की हॉल पाच मिनिटांत तापतो, थर्मोस्टॅट म्हणतो झालं काम, आणि यंत्र बंद पडतं. गरम हवा त्या शेवटच्या खोलीपर्यंत धड पोचतच नाही. हॉलमध्ये एकवीस अंश असतात तेव्हा त्या खोलीत रात्री चौदाच्या वर जाणं शक्य नाही. तेही नोव्हेंबरात.

"आणि मी एक लाख वीस हजारचं बसवलं असतं तर?"

"हॉल अजून लवकर गरम झाला असता. आजींची खोली अजून गार."

म्हणजे मी आईंना ऊब मिळावी म्हणून जे घ्यायला निघालो होतो, त्यानं त्या आणखी गारठल्या असत्या. अति तेथे माती हे मी लोकांना ऐकवत आलो, स्वतःच्या तळघरापर्यंत ते कधी नेलं नव्हतं.

"मी विचारलं होतं आईला," अदिती पांढरी पडली होती. "दोनदा विचारलं. म्हणाली, थंडी नाशिकपेक्षा कमीच आहे."

आम्ही दोघं वर गेलो. त्या आल्यापासून पहिल्यांदाच मी त्या खोलीच्या आत शिरलो आणि पायाखालची गार जमीन मोज्यांतून लागली. पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलेला होता. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं तो एकटीनं कसा ओढला असेल, देव जाणे. खिडकीच्या फटीत टॉवेलांच्या गुंडाळ्या नीट खोचलेल्या. अंथरुणावर नाशिकहून आणलेली गोधडी, त्यावर आम्ही दिलेली रजई, त्यावर शाल, त्यावर त्यांचा विमानात घातलेला कोट. उशाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. गेल्या शनिवारी आश्लेषा यायच्या आत टॉवेल-पांघरुणं त्यांनी कपाटात लपवली असणार, म्हणून अदितीला काही दिसलं नव्हतं.

मला रुहीचा जन्म आठवला. ती फार लवकर जन्मली, एवढीशी. तिच्या अंगात ऊब टिकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या तरी उघड्या छातीशी तिला धरून बसा. अदिती स्वतः आजारी होती, मी भेदरलेलो. आई नाशिकहून आल्या, दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या आणि पदराखाली नातीला छातीशी घेऊन दिवसच्या दिवस तशाच बसून राहिल्या. पाय सुजले तरी हलल्या नाहीत. माझी पोरगी आज घरभर उड्या मारते ती त्या बाईच्या अंगच्या उबेवर. आणि ती बाई माझ्या घरात, मी कौतुकानं दिलेल्या खोलीत, दोन महिने कुडकुडत होती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग कुणाचा ते कळत नव्हतं.

खाली येऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, अदिती मागोमाग.

"आई, खोलीत थंडी वाजते हे का नाही सांगितलंत?"

त्यांनी अदितीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. "तसं काही फार नाही सुमंतराव. सवय होते माणसाला."

"ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिलेत मी. तुम्ही तर ताकालाच आला नाहीत."

मग गॅस बारीक करून हळू म्हणाल्या, "एवढी मोठी खोली दिलीत. घरातली सगळ्यात चांगली. जावयानं प्रेमानं दिलेल्या खोलीत खोट कशी काढायची? लेकीच्या घरी आपण मागायचं नसतं, असंच आयुष्यभर ऐकलं." मग गुडघ्यावर हात ठेवून पुढचं बोलल्या. "आणि गुडघे रात्रभर ठणकतात. सकाळी पाय टेकवत नाही. मला भीती वाटली, इथे अंथरुणाला खिळले तर तुम्ही नोकऱ्या करणार की माझं करणार? म्हटलं, हातपाय चालतायत तोवर निघावं."

म्हणजे मन लागत नव्हतं हेही खोटंच. अदिती त्यांच्या गळ्यात पडली. मी म्हणालो, "रुहीच्या वेळी तुम्ही असा हिशेब करून आला होतात का?"

"ते वेगळं. ती माझी नात."

"आणि तुम्ही आमच्या कोण?"

रुही दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आजी कॅन स्लीप इन माय रूम. इट्स सुपर वॉर्म." आमची खोली घ्या म्हटलं असतं तर त्यांनी काही केल्या ऐकलं नसतं. नातीपुढे काही चाललं नाही.

तिकीट मी त्याच दिवशी रद्द करायला निघालो होतो. आई म्हणाल्या, "रद्द नको. पुढे ढकला. फेब्रुवारीअखेरचं करा. मग बघू." मराठी माणसाचं 'बघू' काय असतं ते मला माहीत आहे. लग्नाच्या बाजारात ते नकाराचं सभ्य नाव आहे. त्यामुळे त्या फेब्रुवारीपर्यंत माझा जीव टांगणीलाच होता.

आश्लेषानं सगळं आखून दिलं, आणि तिच्या ओळखीच्या माणसांनी डिसेंबरात काम केलं. गॅरेजच्या छतात जाड थर भरला, फटी बुजवल्या, त्या खोलीकडे जाणारा डक्ट रुंद केला. तळघरात साठ हजारचं फर्नेस बसलं. जुनं यंत्र गर्जना करून पाच मिनिटांत झोपायचं. हे नुसतं गुणगुणत राहतं. पहिल्या कडाक्याच्या दिवशी ते थांबेचना, तेव्हा मी घाबरून आश्लेषाला फोन केला. "अगं, बंदच होत नाही हे. कमी पडतंय बहुतेक."

"काका, घरात किती टेंपरेचर आहे?"

"एकवीस."

"आजींच्या रूममध्ये?"

मी वर जाऊन पाहिलं. "वीस."

"मग ते काम करतंय. करू दे ना."

संक्रांतीला आम्ही तिला आणि दीपाताईंना जेवायला बोलावलं. आईंनी गुळाच्या पोळ्या केल्या. थँक्यू म्हणणं आपल्याला सोपं जातं, आभार मानायचे म्हणजे जीभ अडखळते. मी पोळीवर तूप वाढता वाढता तिला म्हणालो, "आश्लेषा, तू गणित केलं नसतंस तर मी ही बाई घालवून बसलो असतो. आणि कारणही कळलं नसतं. तुझे फार उपकार झाले."

ती लाजली. "उपकार नाही काका. आय जस्ट मेजर्ड." आईंनी तिच्या पानात आणखी एक पोळी सरकवली.

आई आपल्या खोलीत परत राहायला गेल्या. पहाटे खाली येणं बंद झालं, गुडघ्यांची कुरकूरही कमी झाली. पण फेब्रुवारी उजाडला तरी तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आमची विचारायची छाती झाली नाही. खोली कशी आहे म्हटलं की उत्तर ठरलेलं. छान आहे हो, सुमंतराव. आता त्या 'छान' या शब्दाचा मी धसकाच घेतला होता.

मग एका रविवारी सकाळी मी हॉलमध्ये चहा पीत होतो. वरून हाक आली. "सुमंत! अरे, वर ये जरा."

मी कप ठेवून गेलो. आई खिडकीपाशी उभ्या होत्या, कानटोपी नाही, एकच स्वेटर.

"इथे हात लाव. या चौकटीपाशी. लागतो ना वारा? परवापासून पहाटे माझ्या मानेवर येतो. लाकूड कुजलंय इथलं. तुमच्या आश्लेषानं एवढं मोजलं, हे कसं तिच्या नजरेतून सुटलं?"

मी हात लावला. खरंच बारीक वारा येत होता. "चिकटपट्टी लावून टाकतो आत्ता."

"चिकटपट्टीवर भागवू नकोस. आत्ता हवं तर लाव, पण पुढच्या हिवाळ्याच्या आत ही खिडकी बदलून घ्यायची. दर वर्षी मी मान आखडून घेणार नाही, सांगून ठेवते." मी नुसताच उभा राहिलो, तशी त्या म्हणाल्या, "काय रे? ऐकू आलं ना?"

"आलं," मी म्हणालो आणि चौकटीकडे वाकून बघत राहिलो, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसू नये.

खाली अदिती जिन्यापाशीच उभी होती. "काय झालं? आई का ओरडतेय?" तिनं घाबरून विचारलं. "खोलीत अजून थंडी वाजते का?"

"वाजते," मी म्हणालो. "पुढच्या हिवाळ्याच्या आत खिडकी बदला म्हणतायत."